अंगणात घातलेली राख

चौथीच्या पुढं मी शाळेत गेलो नाही, पण राखेतलं मला विचारा. शेजारच्या जिल्ह्यात कोळशावर चालणारं वीजकेंद्र आहे. माझी सारी नोकरी तिथं, धुराड्याच्या पायथ्याशी गेली. धुरातली राख पकडून खाली मोठ्या लोखंडी डब्यांत पाडतात. डबे तुंबले की सळईनं कोचून मोकळे करायचे, हे माझं काम. साहेब लोक किती मेगावॅट निघाले ते बोलायचे. मी म्हणायचो, तीन घमेली कोळसा जाळा, एक घमेलं राख पदरात पडते, तिचं कोण बघते?

रिटायर होऊन वडनेर भोलजीला आलो. बायको गेली. पोरगी पुण्याला असते, फोनवर बोलावते, मी जात नाही. गल्लीत मोठी गच्ची माझ्याच घराला, म्हणून शेजारच्या वहिनी अन् त्यांच्या दोन सुना उन्हाळ्यात कुरडया घालायला वर येतात. बायको होती तेव्हापासूनची रीत. वर्षभर माझ्याकडे कोणी फिरकत नाही, पण ते आठ दिवस घरात बांगड्या वाजतात, चहा होतो, माझी थट्टा होते. मी बाजेवर बसून कावळे हाकलतो अन् नोकरीच्या गोष्टी सांगतो. राख कशी ओळखायची तेही मीच त्यांना शिकवलं. चिमटीत चोळायची. धूळ खरखरते, राख पावडरीसारखी घसरते.

यंदा होळीनंतर मी अंगणात भर घातली. हायवेनं राखेचे टिप्पर जातात, त्यातले दोन वळवून घेतले. लोक म्हणाले, मुरूम टाका. मी म्हटलं, मला शिकवू नका, राख ओली करून चोपली की बसते. वर मातीचा थर द्यावा लागतो हेही मला ठाऊक होतं. ते मी आज-उद्या करत राहिलो. सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं की झालं, म्हटलं.

वैशाखातल्या एका दुपारी वावटळ उठली. अंगण वाळलेलं. कुरडया नुकत्या घातलेल्या, चीक अजून ओला. वारा बसला तेव्हा साऱ्या चादरी करड्या झाल्या होत्या.

"भाऊजी, हे काय होय?" वहिनींनी विचारलं.

"रोडची धूळ. टिप्परं जाऊन राह्यले ना दिवसभर."

त्यांनी कुरडईवरून बोट फिरवलं, चिमटीत चोळलं, माझ्याकडं पाहिलं अन् धाकट्या सुनेला म्हणाल्या, "उचल वं माय, ढोराले टाकू."

तीन दिवस भिजवलेला गहू होता तो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या चादरी चार घरं सोडून दुसऱ्याच्या स्लॅबवर दिसल्या. त्यांचं हसणं मला ऐकू यायचं. येतील परत, मी म्हटलं. धूळ सांगितली म्हणजे धूळ. त्याच आठवड्यात पोरीनं फोनवर विचारलं, कुरडया झाल्या का आपल्या गच्चीवर? मी म्हटलं, झाल्या. फोन ठेवला अन् मग घरात बसवेना.

शेतातून काळी माती आणवली. दोन दिवस फावड्यानं एकट्यानंच अंगणभर पसरली, वरून पाणी मारून चोपली. वहिनी दारातून पाहायच्या अन् आत जायच्या. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या उंबऱ्यापाशी गेलो. त्या डाळ निवडत होत्या.

"वहिनी, राखच होती ते. माह्याच अंगणातली."

"मले त्याच दिवशी समजलं होतं," वर न पाहता त्या म्हणाल्या. "चीक गेला त्याचं काही नाही, भाऊजी. पण तुम्ही मले येडी समजले."

थोरल्या सुनेनं चहाचं विचारायला सासूकडं पाहिलं. सासू डाळच निवडत राहिली. मी परत आलो.

आभाळ भरून यायला लागलं होतं, वाळवणाचे दिवस सरले होते. तरी दुसऱ्या दिवशी मी गच्ची दोन पाण्यानं धुतली, कोपरे खराट्यानं घासले. खाली गल्लीत वहिनींच्या दाराची कडी वाजली. त्यांनी वर पाहिलं की नाही, मला माहीत नाही. मी वाकलेलाच राहिलो.