आबकुप्फर्न

कुंदा आगटेबाई शब्द टिपताना तो सांगणाऱ्याचे नावही टिपत. बिबवेवाडीत राहून त्या कारखान्यांसाठी जर्मन यंत्रांची माहितीपत्रके मराठीत आणत. एखाद्या भागाला शब्द सापडला नाही, की थेट कामगारांकडे जात. "अहो, याला आपण काय म्हणता?" उत्तर चिठ्ठीवर, खाली नाव. चिठ्ठ्यांनी बुटांचे अकरा खोके भरले होते.

एका पकडीला लेथवरचे दाऊद शेख 'सासू' म्हणत. एकदा धरले की सोडत नाही म्हणून. बाईंनी तेही गंभीरपणे टिपले.

शहरात संगणक कंपन्या नव्या होत्या. त्यांतल्या एकीने खोके "दोन दिवस पाहायला" नेले. ते वर्षभराने परत आले. पाठोपाठ कंपनीचा जर्मन-मराठी तांत्रिक कोश सीडीवर निघाला. श्रेयनामावलीत सगळे व्यवस्थापक होते. बाई नव्हत्या, एकही कामगार नव्हता. 'सासू' मात्र होती, प्रमाण संज्ञा म्हणून. याला चोरी म्हणतात. शहराने प्रगती म्हटले.

बाई कंपनीत गेल्या. वार्ताहर म्हणून मी सोबत होतो.

"मॅडम, शब्द काय कुणाच्या मालकीचे असतात?" व्यवस्थापक म्हणाला.

"नसतात ना. म्हणून तर आपण सासूसुद्धा दाऊदभाईंची आणलीत."

जिना उतरताना त्या म्हणाल्या, "वर्गात न शिकवलं जाणारं एक क्रियापद सांगते. आबकुप्फर्न. कुप्फर म्हणजे तांबं. पूर्वी चित्राची नक्कल तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापत. त्यावरून अर्थ झाला, दुसऱ्याचं उचलणं. पण ते कोरणारे बरे हो. चित्राखाली मूळ चित्रकाराचं नाव कोरायचे."

मी बातमी नावांसह दिली. कंपनी आमची जाहिरातदार होती. चार ओळी आल्या : 'शहरातील एका अनुवादिकेचा तांत्रिक कोशाला आक्षेप.'

बाईंनी अंक माझ्यापुढे ठेवला. "माझं नाव?"

"संपादकांनी काढलं."

"आणि आपण काय केलंत?"

मी काहीच केले नव्हते. साधा निषेधही नोंदवला नव्हता. त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

त्या गेल्यावर त्यांच्या भाचीने खोक्यातली एक चिठ्ठी मला आणून दिली. वर लिहिले होते : 'आबकुप्फर्न. नाव पुसून घेणे.' उदाहरण म्हणून माझ्या चार ओळी कापून डकवल्या होत्या. आणि खाली, त्यांच्या शिस्तीप्रमाणे, नाव. माझे.