वहिनीचं यंत्र आणि दादाचा ठिपका

आमच्या वहिनीचं अख्खं आयुष्य लांबच्या दोन गोष्टी वेगवेगळ्या ओळखण्यात गेलं, आणि नवरा मिळाला तो आईला चिकटलेला. मी त्याची सख्खी बहीण आहे, मला बोलायचा हक्क आहे.

वहिनीचं काम लेसर रडारवर. लांबवर लेसर सोडायचा, वस्तूवर आपटून जो प्रकाश परत येतो त्यावरून तिथे काय आहे ते ओळखायचं. हा परतीचा प्रकाश इतका मरतुकडा असतो की तो वाढवायला जावं तर सोबत भलत्यासलत्या प्रकाशाचा कचराच वाढतो, आणि शेजारशेजारच्या दोन वस्तूंचा पडद्यावर एकच गोळा होतो. वहिनीने क्वांटमची काहीतरी करामत करून असं यंत्र बनवलं, की कामाचा प्रकाश वाढतो, कचरा नाही. कसं ते मला विचारू नका. ती सांगायला लागली की मी भांडी घासायला उठते.

या यंत्रापायी तिला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेने बोलावलं. दादा सोबत जाणार की नाही, एवढाच प्रश्न. महिनाभर त्याचं एकच पालुपद, "आईला पटत नाही." वहिनी रडली, चिडली, शेवटी तिने आईशी बोलणंच टाकलं.

जाण्याआधीची शेवटची चाचणी नेमकी सुट्टीच्या दिवशी आली. इथल्या प्रयोगशाळेत चिटपाखरू नाही. म्हणून दादा आणि आई एकेक पांढरा फलक धरून प्रयोगशाळेमागच्या मैदानाच्या पार त्या टोकाला, वहिनी आणि मी यंत्रापाशी. फोन चालूच ठेवलेले.

यंत्र लावलं. पडद्यावर दोन ठिपके.

"सरका जवळ!" वहिनी ओरडली. ते सरकले, तरी दोन. आणखी सरकले, तरी दोनच. वहिनीने आनंदाने मला गदागदा हलवलं. आणि तेवढ्यात एकच ठिपका उरला.

तिचा चेहरा खाडकन उतरला. तिने आरसे हलवले, खटके दाबले, यंत्राच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तरी एकच! शेवटी फोनवर आईचा आवाज आला, "अगं, तो माझ्यामागे जाऊन उभा राहिलाय. वारा लागतोय म्हणे."

मी हसून हसून बेजार. वहिनी मात्र हसली नाही. "आई," ती म्हणाली, "तुम्ही त्याला माझ्यासोबत का येऊ देत नाही?"

"मी? मला तर तो म्हणाला, तुलाच तो सोबत नकोय!"

आणि लगेच आई दादावर कडाडली, "मेल्या, बोल की आता! जातोस की नाही हिच्यासोबत?"

"आई, तूच सांग ना तिला काहीतरी," दादा म्हणाला.

पडद्यावरचा ठिपका तरातरा चालत बाहेर गेला. ती आई. मागे दुसरा दिसायला लागला, जागच्या जागी उभा.

पुढच्या महिन्यात वहिनी गेली. एकटी कशी राहील म्हणून सोबत आई गेली. दादाचं अजून काही ठरत नाहीये. परवा मलाच विचारत होता, "तुला काय वाटतं?"