लक्ष्मीअक्कांचं फुकटचं कार्ड

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला एवढंच माहीत आहे की 'फ्री' हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. बाजारात कुणी पत्रक पुढं केलं तरी मी खेकसतो. का—ते तिला ठाऊक नाही.

मी वैरागचा. नोकरीसाठी सोलापुरात आलो आणि पूर्व भागात लक्ष्मीअक्कांच्या माडीवर भाड्यानं राहिलो. घर तेलुगू. अक्का सरकारी दवाखान्यात आया, नवरा टॉवेलच्या कारखान्यात. मला कावीळ झाली तेव्हा पंधरा दिवस त्यांनी पथ्याचं जेवण वर आणून दिलं होतं. हे आधीच सांगतो—म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही मला सूट देणार नाही.

माझं काम काय? एका मोठ्या दुकानाच्या दाराशी टेबल मांडून बँकेची क्रेडिट कार्डं खपवायची. 'आयुष्यभर मोफत', वर चाकांची बॅग भेट. मोफत कधी—तर वर्षाला ठरावीक रकमेची खरेदी केली तर. नाहीतर फी. ही अट अर्जाच्या मागं, मुंगीएवढ्या अक्षरात. लोक ती वाचत नाहीत म्हणून मी त्यांच्यावर वैतागायचो. आणि मी? मला ती पाठ होती. तरी एकालाही सांगितली नाही.

एकदा महिनाअखेरीला ठरलेल्या आकड्याला एक अर्ज कमी पडला, म्हणून अक्कांना गळ घातली. अक्का म्हणाल्या, कार्ड नको, आपल्याला त्यातलं कळत नाही. मी म्हणालो, वापरू नका की, डब्यात ठेवा, फुकटच आहे. त्यांनी सही केली ती माझ्यासाठी, बॅगेसाठी नाही. आणि मी—अर्जातल्या, कार्डासोबतच्या विम्याच्या चौकटीत त्यांना न विचारता खूण केली. त्याचे मला वेगळे पैसे मिळायचे. त्यांना ईमेल नव्हता, तर मनानंच एक रचून लिहिला. कार्ड आल्यावर त्यांच्या मोबाईलवरून चालूही मीच केलं.

दोन वर्षांनी त्यांच्या मुलीला, सुजाताला, नर्सिंगला प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्ज मात्र मिळेना. बँकेनं कागद दाखवला—अक्कांच्या कार्डावर थकबाकी. विम्याचा हप्ता, फी, उशिराचा दंड, त्यावर व्याज, व्याजावर कर. बिलं जात होती त्या नसलेल्या ईमेलवर. मोबाईलवर मेसेज यायचे ते इंग्रजीत, आणि अक्कांना कुठलं इंग्रजी?

कागद घेऊन त्या माडीवर आल्या. मागं नवरा.

"संतोष, मी ते घेऊन कुटं गेलेच न्हाय. मग हे कसं?"

एक वाक्य बोलायचं होतं. खूण मी केली, एवढंच. पण नोकरी जाईल, भाड्याची खोली जाईल—असलं काहीबाही डोक्यात आलं, आणि मी म्हणालो, "आठवून बघा अक्का. कुठंतरी वापरलं असेल तुम्ही."

नवऱ्यानं त्यांच्याकडं पाहिलं. अक्कांनी कागदाची घडी घातली.

"झालं असंल बाबा. मला कुटं कळतंय."

आणि वर माझीच माफी मागितली—माझ्यामुळं बँकेत तुझं नाव खराब झालं म्हणाल्या.

त्यांनी भिशी मोडून थकबाकी भरली. तोवर प्रवेशाची मुदत गेली होती. नवरा कित्येक दिवस विचारत राहिला, काय घेतलंस, माहेरी काय पाठवलंस. मला वर सगळं ऐकू यायचं. दोन महिन्यांनी, काम लांब पडतं असं सांगून मी खोली सोडली.

गेल्या जूनमध्ये लेकीचा गणवेश घ्यायला एका दुकानात गेलो, तर मापं घ्यायला सुजाता. तिनं लगेच ओळखलं. आई बरी आहे म्हणाली. लेकीच्या खांद्यावर टेप धरून हसत म्हणाली, "आई अजून म्हणती, माझ्या चुकीनं तुझं शिक्षण राहिलं."

दुकानात गर्दी नव्हती. लेक शाळेच्या बुटांकडं बघत होती. सांगायला तिथं काय आडवं येत होतं?

मी विचारलं, बाह्या थोड्या लांब करून मिळतील का.