निवेदन माझं होतं

पुण्याहून सिनेमाचं शिक्षण घेऊन परत आल्यावर माझ्या धाकट्या भावाने पहिली फिल्म केली ती आमच्या वडिलांवर.

संस्थान गेलं, मध्य भारत आला, तोही जाऊन मध्यप्रदेश झाला. वडील मात्र निवृत्त होईपर्यंत महसूल खात्यात त्याच टेबलावर बसले. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. तरी स्नेहलतागंजच्या आमच्या तीन खोल्यांत सकाळपासून वर्दळ असे. वडील पोहे करत, येईल त्याला खाऊ घालत आणि जुन्या साहेबांच्या नकला करत. "अरे भिया, बैठो तो," म्हणत पोस्टमनलाही आत बसवत.

भावाला यातलं काहीच नको होतं. त्याने एक खिडकी घोंगडी लावून बंद केली. वडिलांची खुर्ची भिंतीशी नेली आणि कॅमेरा समोरच्या टोकाला, पार जमिनीजवळ ठेवला. त्यातून पाहिलं तर सगळी खोली रिकामी आणि वडील कोपऱ्यात बोटभर.

"बाबा, काही करू नका. नुसतं दाराकडे बघा."

"कोण येणार आहे?"

"कुणी नाही."

"मग बघू कशाला?"

कॅमेरामन हसला, भाऊ चिडला. तो शॉट पाच वेळा घेतला. पाचव्यांदा वडील दमले होते. फिल्ममध्ये तोच राहिला.

निवेदन मी केलं. मी शाळेत मराठी शिकवायचे, उच्चार स्वच्छ होते. भावाने लिहिलं होतं : 'पत्नी गेल्यापासून या घरात कुणी कुणाशी बोलत नाही.'

"हे खोटं आहे रे."

"ताई, ही माहिती नाहीये, मूड आहे. आवाजात जीव ओतू नकोस. हजेरी घेतेस ना वर्गात, तसं वाच."

मी वाचलं. मध्येच बाहेरून वडिलांचं हसणं टेपवर आलं. मीच उठून त्यांना म्हणाले, "बाबा, पाच मिनिटं गप बसा ना." आणि पुन्हा वाचलं.

रविवारी सकाळी एका टॉकीजमध्ये फिल्म सोसायटीने ती दाखवली. वडील कोट घालून आले. सियागंजात किराण्याची पेढी असलेल्या आपल्या दोस्तालाही त्यांनी बरोबर आणलं. पडद्यावर दार, भिंत, अर्ध्या अंधारातला चेहरा. प्रत्येक चित्र इतकं लांब की प्रेक्षक खोकायचे थांबले. वर माझा कोरडा आवाज. शेवटी टाळ्या खूप झाल्या.

बाहेर दोस्ताने वडिलांचा हात धरला. "भाईसाब, हम रोज आते रहे. आपने कभी बताया नहीं."

"अरे, वो तो एक्टिंग थी!"

"बिटिया खुद बोल रही थी, भाईसाब."

वडिलांनी हळूच हात सोडवून घेतला.

घरी येऊन त्यांनी मला विचारलं, "मी तुला असा दिसतो?"

"फिल्म आहे ती, बाबा."

"कॅमेरा त्याचा होता. पण आवाज तुझा होता."

त्यानंतर घरी येणारे हलक्या आवाजात बोलू लागले. तब्येतीची चौकशी करत, आईची आठवण काढत. नकला करा असं कुणी म्हणेना. एक-दोनदा वडिलांनी आपणहून सुरुवात केली, तर लोक असे दयेने हसले की त्यांनी ते सोडूनच दिलं. पुढे येणारेही कमी झाले.

भावाच्या फिल्मला बक्षीस मिळालं. दिवाळीला तो आला, वडिलांना गप्प बसलेलं बघून मला हळूच म्हणाला, "बघ, मला हे आधीच दिसलं होतं."

"दिसलं नव्हतं. आपण दोघांनी केलं ते."

"ताई, तुला सिनेमा कळत नाही."

भाऊबीज आटोपून तो मुंबईला गेला. पुढच्या फिल्मच्या निवेदनासाठी त्याचं पत्र आलं, त्याला मी उत्तर दिलं नाही. सिनेमा मला चांगला कळत होता. फिल्म उत्तम होती, एकही शॉट वाया गेलेला नव्हता. वडील त्यानंतर चार वर्षं जगले, आणि ती चार वर्षं मी त्यांच्याशी जरा जास्तच मोठ्याने बोलत राहिले.