बंदुकांची पूजा

डोणगावच्या रस्त्यावर आम्ही दोघांनी पेंटबॉलचं, म्हणजे एकमेकांवर रंगाच्या गोळ्या मारायच्या खेळाचं मैदान काढलं, तेव्हा अख्खं गाव हसलं होतं. तो माझा शाळेपासूनचा दोस्त. गिऱ्हाइकांशी बोलणं माझ्याकडे, बंदुका त्याच्याकडे. आता मैदान आहे, तो भागीदारी सोडून गेला. ही करणी माझ्याच जिभेची.

बंदूक त्यानंच मला समजावली होती. "गोळी येऊन बसते ना, तिथं एका बाजूनं बारीक दिवा हाय, समोर त्याचा उजेड पकडणारा सेन्सर. आपल्याले तो उजेड दिसत नाही. गोळी पुरी उतरली का उजेड अडते, मंग बंदूक म्हणते, आली गोळी, मार. उजेड आरपार गेला का जागा रिकामी. मंग तू ट्रिगर दाब नाहीतर नाचून दाखव, ते हलत नाही."

दसऱ्याला तो दरवर्षी घरच्यांसोबत नागपूरला दीक्षाभूमीवर जायचा. त्या वर्षीही बंदुका साफ करून गेला. मागं मी खंडेनवमीला अवजारांसोबत त्याही पाटावर मांडल्या आणि मूठमूठ हळद-कुंकू वाहिलं. गोळ्यांचे डबे काढलेले, बंदुकांची वरची तोंडं उघडी. माझ्या डोक्यात काही आलंच नाही.

तो परतला त्या दिवशी मेहकरची पार्टी खेळायला आली. गोळ्या आतच फुटायला लागल्या, नळ्यांतून नुसता रंग गळू लागला. लोक हसले आणि माझं डोकं फिरलं. सगळ्यांदेखत ओरडलो, "नागपूरले पळाची घाई होती तुले! नुसता हात फिरवून गेला!"

त्यानं एक बंदूक उघडली, आत पाहिलं, बंद करून ठेवली. एक शब्द न बोलता घरी गेला.

संध्याकाळी मी स्वतः उघडून पाहिलं. सेन्सरवर हळद-कुंकवाचा थर. उजेड कायमचा अडलेला, त्यामुळे बंदुकीला गोळी आलीच आहे असं वाटायचं आणि ती अर्ध्यात उतरलेल्या गोळीवर दणका द्यायची. अरे देवा! तसाच त्याच्या घरी धावलो.

"चुकलो रे. हळद होती."

"हाव. मले तवाच दिसली."

"मंग बोलला काऊन नाही बे?"

त्यानं माझ्यापुढं पाण्याचा गिलास ठेवला. "चार लोकांत म्या पूजेकडं बोट दाखवलं असतं, त तू काय बोलला असता, मले माहीत हाय. ते तुह्या तोंडून ऐकाचं नव्हतं."

तसं काही बोललो नसतो, असं म्हणायला मी तोंड उघडलं. म्हणवलं नाही.