आधी गड्याचं पोर

सत्तरच्या दशकात मी पवनीकडच्या गावांत देवीची लस टोचत फिरायचो. तिथे एक धानाचा व्यापारी होता. मी दारात दिसलो की तो नातवंडांना आत पिटाळायचा आणि गड्याचं पोर पुढे करायचा. "पह्यले याले टोचा. चार रोज पाहू, मंग आमच्या पोट्ट्यायले." त्या पोराच्या दंडावर फोड यायचा, खपली धरायची, पोर धड आहे असं दिसलं की मगच मला निरोप यायचा. त्या ओसरीवर पाणी प्यायचीसुद्धा मला किळस वाटे.

पुढे देवीचा रोग गेला आणि काही वर्षांनी एड्सच्या बातम्या येऊ लागल्या. एकदा पेपरात वाचलं, की परदेशात देवीच्या लशीतल्याच विषाणूत एड्सच्या विषाणूचा बारीकसा भाग घालून नवी लस करून पाहताहेत. तिने रोग होत नाही, पण शरीर त्याला ओळखायला शिकतं, असा बेत होता. माझी जुनी लस पुन्हा कामाला लागली म्हणून मी हरखलो आणि भेटेल त्याला सांगत सुटलो.

कारध्याला चहाच्या टपरीवर तोच व्यापारी भेटला. त्यालाही सांगितलं. त्याने तोंड वाकडं केलं. "असला घाण रोग आपल्या आंगात कायले घालाचा? चिखल्याच्या खाणीत मजूर हायेत ना, त्यायले टोचून पाहा."

कप तसाच ठेवून मी उठलो.

तो मागून आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "त्यायले काही झालं नाही, तं मले निरोप धाडजा."