सोडा घातलेलं औषध

कसबा पेठेतल्या दूध-दह्याच्या दुकानाला लोक मकबूलभाईंचं म्हणतात, कारण पाटीवर तसं लिहिलंय. दूध ठेवायचं की परत धाडायचं, हे ठरवतात त्यांच्या पत्नी, नजमाभाभी. कॅन उघडला की आधी वास, मग नखावर थेंब, मग जिभेचं टोक. गवळी शपथा घेत असला, तरी भाभी बघतात ते दुधाकडे. उन्हाळ्यात उतरायला, म्हणजे आंबायला लागलेल्या दुधाचा आंबटपणा लपवायला कोणी चिमूटभर सोडा टाकला, तर त्यांना तो जिभेवर सापडतो आणि कॅन पायरीवरूनच परत जातो.

या बाईंच्या हाताला छातीत गाठ लागली. ती कसली, हे सुईने तुकडा काढून तपासल्याशिवाय कळणार नव्हतं. पहिल्या दवाखान्यात बधिर करायचं इंजेक्शन टोचलं, तेव्हा मिरची चोळल्यासारखी आग झाली. तुकडा काढायच्या आधीच भाभी टेबलावरून उतरून घरी आल्या. "औषध मुदत संपलेलं होतं तिथलं," असं त्यांनी घरात सांगून टाकलं. गाठ मात्र होती तिथेच होती, आणि सून शाइस्ताला वाटत होतं, वाढतेय.

महिनाभर मागे लागून तिने त्यांना कोथरूडच्या डॉक्टर अवनींकडे आणलं. आज उठून गेल्या तर पुन्हा यायच्या नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून डॉक्टरांची परवानगी काढून ती उशाशीच उभी राहिली.

भाभी आडव्या झाल्या, पण डोळे ट्रेवर. डॉक्टरांनी एका बाटलीतून औषध ओढलं, मग दुसऱ्या छोट्या बाटलीतून थोडंसं काहीतरी त्यातच घेतलं. भाभी कोपरावर उठल्या.

"ते दुसरं काय मिसळलंत?"

"सोडा आहे, भाभी. इंजेक्शनसाठी वेगळा बनवलेला. आग कमी होते त्याने."

"सोडा." भाभींनी सुनेकडे पाहिलं. "चल शाइस्ता. उतरलेलं आहे."

"अम्मी, ऐकून तरी घ्या."

"काय ऐकायचं? सोडा कशात टाकतात, मला शिकवतेस?"

डॉक्टरांना काही उमगेना. शाइस्ताने दुकानाचं सांगितलं, तेव्हा त्यांनी सिरिंज खाली ठेवली.

"बरोबर आहे तुमचं. हे औषध आंबटच असतं. म्हणून तर झोंबतं."

"बघ. स्वतःच कबूल करतायत."

"पण नासून आंबट झालेलं नाही. टिकावं म्हणून बनवतानाच तसं ठेवतात. सोड्याने तो आंबटपणा मोडतो, म्हणून ऐनवेळी मिसळायचं. आधी मिसळून ठेवलं तर टिकत नाही."

भाभींनी सिरिंजकडे पाहिलं. "म्हणजे लोणच्यासारखं. लिंबू पिळलं म्हणून राहतं."

"तसंच."

"दूधवालेही छान समजावून सांगतात," भाभी म्हणाल्या. "दोन्ही बाटल्या नव्या आणा. माझ्यासमोर फोडा. शाइस्ता, तारीख वाच."

सिस्टरने कपाळाला आठी घातली, पण नव्या बाटल्या आल्या. शाइस्ताने तारखा मोठ्याने वाचल्या. भाभींनी बाटल्या हातात घेऊन त्या पुन्हा वाचल्या, मग पडून राहिल्या. त्यांनी सुनेचा हात धरला; सासूचा हात गार पडलाय, हे शाइस्ताला तेव्हा कळलं. इतके दिवस तारखांच्या मागे कसली भीती दडली होती, तेही कळलं.

"टोचा ना आता," भाभी डोळे मिटून म्हणाल्या.

"टोचलं. औषध जातंय आत."

भाभींनी एक डोळा उघडला. "मग झोंबलं कसं नाही? नुसतं पाणी भरलंय वाटतं."

शाइस्ताला हसू आवरेना. डॉक्टरांनी थोडं थांबून त्या जागी सुईचं टोक दाबलं. "कळतंय?"

"दाबलेलं कळतंय. दुखत नाहीये." हे सांगताना भाभींचा आवाज तक्रारीचाच होता.

"आता तुकडा काढताना सुईचा टक् असा आवाज येईल. हलायचं नाही."

आवाज आला, पुन्हा आला. भाभी हलल्या नाहीत. सुनेच्या हातावर त्यांची नखं उमटली, तेवढंच. छातीवर पट्टी बसली, तुकडे औषधाच्या डबीत गेले. भाभी सावकाश उठल्या, ओढणी सारखी केली आणि डबीकडे बघत राहिल्या.

"शाइस्ता," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "डबीवर नाव माझंच लिहिलंय ना, ते नीट बघ. दुसऱ्या कुणाचं दुखणं मला नको, आणि माझं दुसऱ्या कुणाला नको."